जुना पीसी व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकल्यावर निळी स्क्रीन येते, तर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोज ७ चा जुना पीसी, त्यात एक जुनं सॉफ्टवेअर, ज्याची सेटअप सीडी हरवलीय आणि बनवणारी कंपनीही आता राहिलेली नाही, मशीन मधूनच बंद पडतं म्हणून डिस्क२व्हीएचडीने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली, नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लावली, विंडोजचा लोगो दिसतो आणि लगेच निळी स्क्रीन, स्टॉप कोडच्या शेवटी ७बी. इमेज खराब निघाली का, परत काढू का?

इमेज बहुतेक चांगली आहे, परत काढायची घाई करू नका. लोगोपर्यंत येतंय म्हणजे बूट सेक्टर, बूट लोडर, विंडोजच्या फायली सगळं वाचलं जातंय. अडकतंय ते पुढच्या पायरीवर, आणि पीटूव्ही, म्हणजे खऱ्या मशीनमधून व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), करणाऱ्या बहुतेकांचं तिथेच अडकतं. डिस्क कॉपी करणं हा यातला सोपा भाग, टूल लावलं की ते काम आपोआप होतं. खरं काम असतं विंडोजला दुसऱ्या हार्डवेअरवर उठायला तयार करणं, आणि ते जुनं मशीन चालू आहे तोवर, इमेज काढायच्या आधी केलं तर दहा मिनिटांचं आहे, नंतर केलं तर थोडं आडवळणाने करावं लागतं एवढंच.

आधी ७बी का येते ते समजून घ्या म्हणजे उपाय पाठ करावा लागणार नाही. मशीन सुरू होतं तेव्हा बूट लोडर डिस्क वाचतो तो बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या छोट्या प्रोग्रामच्या, मदतीने, विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारी फाइल) तेव्हा कामालाच लागलेला नसतो. लोडर कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, मेमरीत आणतो आणि त्याच्यासोबत फक्त तेच ड्रायव्हर आणतो ज्यांच्यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, 'बूटच्या वेळी लागणार' अशी खूण आहे, म्हणजे स्टार्ट नावाची किंमत ०. मग कर्नल ताबा घेतो, बायोस बाजूला होतो, आणि आता डिस्क वाचायची तर त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आधीच मेमरीत पाहिजे. तुमच्या जुन्या पीसीचा साटा कंट्रोलर (डिस्क जोडणारी चिप) बायोसमध्ये आयडीई या जुन्या मोडवर किंवा इंटेलच्या रेड (अनेक डिस्क मिळून एक) मोडवर असणार, त्यामुळे विंडोजने तेवढाच ड्रायव्हर बूटसाठी ठेवला आणि एएचसीआय या नव्या मोडचा ड्रायव्हर, ज्याचं नाव विंडोज ७ मध्ये एमएसएएचसीआय आहे, तो स्टार्ट ३ वर टाकला, म्हणजे मागितला तर देऊ. व्हर्च्युअलबॉक्स विंडोज ७ च्या व्हीएमला डिस्क देतो एएचसीआय कंट्रोलरवर. ड्रायव्हर डिस्कवर आहे, पण डिस्क वाचायलाच तो ड्रायव्हर लागतो, कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट बंद केल्यासारखं. म्हणून बूट डिव्हाइस सापडत नाही आणि ७बी.

आता उपाय. सगळ्यात सोपा आधी करून बघा: व्हीएम बंद करा, सेटिंगमध्ये स्टोरेजला जा, साटा कंट्रोलरवरून डिस्क काढा आणि आयडीई कंट्रोलरवर लावा, प्रकार पीआयआयएक्स४ ठेवा. जुना पीसी आयडीई मोडमध्ये होता तर बहुतेक एवढ्यावरच उठतं. जुना पीसी रेड मोडमध्ये होता तर आयडीईचे ड्रायव्हरही बंद असू शकतात, मग पुढचं करावं लागेल.

पुढचं म्हणजे इमेजमधली रजिस्ट्री बाहेरून दुरुस्त करणं. व्हीएचडी फाइल एखाद्या दुसऱ्या विंडोज मशीनवर डिस्क मॅनेजमेंटमधून जोडा (इथे एक सावधगिरी आहे, ती खाली सांगतो, ती वाचल्याशिवाय जोडू नका). तिला एखादं ड्राइव्ह लेटर मिळेल. मग रजिस्ट्री एडिटर अॅडमिन म्हणून उघडा, एचकी लोकल मशीनवर क्लिक करून फाइल मेनूतून लोड हाइव्ह घ्या आणि त्या ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरातली सिस्टम नावाची फाइल निवडा, तिला काहीही नाव द्या, जुनापीसी वगैरे. आत गेल्यावर लोक करंट कंट्रोल सेट शोधत बसतात आणि ते सापडत नाही, कारण ते फक्त चालू विंडोजमध्ये तयार होतं. सिलेक्ट नावाच्या की मध्ये करंट ची किंमत बघा, १ असेल तर कंट्रोलसेट००१ मध्ये काम करायचं, २ असेल तर ००२. त्याच्यातल्या सर्व्हिसेस मध्ये एमएसएएचसीआय शोधा, स्टार्ट ३ असेल ती ० करा. तिथेच अटापी, इंटेलआयडीई आणि पीसीआयआयडीई हे तिन्ही बघून घ्या, तेही ० करून ठेवा, जास्तीचे ड्रायव्हर बूटला लोड झाले तर काही बिघडत नाही, हार्डवेअर नाही दिसलं की ते गप्प बसतात. झालं की तुमची जुनापीसी की निवडून अनलोड हाइव्ह करा, हे विसरलं तर फाइल अडकून राहते, आणि मग डिस्क मॅनेजमेंटमधून व्हीएचडी डिटॅच करा. आता व्हीएम सुरू करा.

ज्यांच्याकडे विंडोज ८ किंवा १० आहे त्यांच्यासाठी नाव बदलतं, तिथे ड्रायव्हर स्टोराएचसीआय, आणि त्याच्या खाली स्टार्टओव्हरराइड नावाची एक की असू शकते, तिच्यात ३ असेल तर तीही ० करायची नाहीतर वरची ० असूनही ड्रायव्हर उठत नाही. पण ८ आणि १० ला याहून सोपा रस्ता आहे: जुनं मशीन चालू असताना एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट न करता बंद करा, तेव्हाच बाहेरून (डिस्क दुसऱ्या मशीनला लावून) इमेज काढा, व्हीएम सेफ मोडमध्ये उठते, विंडोज लागेल तो डिस्क ड्रायव्हर स्वतःच बूटला लावून घेतं, मग सेफ बूटची खूण काढून नेहमीसारखं सुरू करायचं. विंडोज ७ ला या युक्तीचा उपयोग होत नाही म्हणून तुम्हाला रजिस्ट्रीचा रस्ता सांगितला.

आता ती सावधगिरी. ज्या मशीनची इमेज काढली त्याच मशीनवर ती व्हीएचडी जोडून बघू नका, 'नीट निघालीय का जरा उघडून बघू' म्हणूनसुद्धा नाही. प्रत्येक डिस्कवर विंडोज एक सही ठेवतं आणि बूटची नोंद त्या सहीवरून डिस्क ओळखते. मूळ डिस्क आणि तिची प्रत एकाच वेळी एकाच विंडोजला दिसल्या तर दोघींची सही सारखी, म्हणून विंडोज प्रतीची सही बदलतं, आणि मग ती प्रत व्हीएममध्ये लावली की बूट नोंदीला आपली डिस्कच सापडत नाही. डिस्क२व्हीएचडीच्या माहितीपानावर हा इशारा स्पष्ट लिहिलाय पण तो कोणी वाचत नाही. दुसऱ्या मशीनवर जोडायला हरकत नाही.

इमेज परत काढायचीच वेळ आली तर काही गोष्टी बघा. डिस्क२व्हीएचडी हे सिसइंटरनल्सचं छोटं टूल, २००९ पासून आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. खिडकी उघडली की वर दोन खुणा दिसतात, एक व्हीएचडीएक्सची आणि एक व्हॉल्यूम शॅडो कॉपीची. व्हर्च्युअलबॉक्ससाठी व्हीएचडीएक्सची खूण काढून टाका, साधी व्हीएचडी घ्या, ती २ टीबीच्या जरा खालपर्यंत चालते आणि तुमच्या पीसीला एवढी पुरे. शॅडो कॉपीची खूण राहू द्या, तिच्यामुळे चालू विंडोजचा एका क्षणाचा स्थिर फोटो मिळतो. खाली व्हॉल्यूमची यादी येते, त्यात सी च्या शेजारी एक ड्राइव्ह लेटर नसलेलं, १०० एमबीचं, लांबलचक आकडेमोडीच्या नावाचं व्हॉल्यूम दिसेल, तेच सिस्टम रिझर्व्ह्ड. विंडोज ७ चा बूट मॅनेजर त्याच्यात बसलेला असतो. फालतू दिसतं म्हणून लोक त्याची खूण काढतात आणि मग काळ्या स्क्रीनवर लुकलुकणारा कर्सर बघत बसतात. ते घ्यायचंच.

फाइल साठवायची ती दुसऱ्या डिस्कवर, आणि ती बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या पुढे एकही फाइल जाणार नाही, आधी एनटीएफएस करून घ्या. वेळेचा अंदाज: १०० एमबीपीएसच्या नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११ एमबी, गिगाबिटवर ११० च्या आसपास, यूएसबी २ वर तीसपस्तीस. म्हणजे ६० जीबी भरलेली डिस्क यूएसबी २ वर अर्ध्या तासाच्या आसपास, आणि जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचमधून दीड तास.

शॅडो कॉपी आहे म्हणून सॉफ्टवेअर चालू ठेवून इमेज काढली तरी चालेल का, हे बरेच विचारतात. एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसला शॅडो कॉपीची भाषा कळते, तो त्या क्षणी आपला डेटा नीट लिहून थांबतो. जुन्या डीबीएफ फायलींवर किंवा अॅक्सेसवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला यातलं काही माहीत नसतं, अर्धवट लिहिलेली फाइल तशीच फोटोत येते. म्हणून सॉफ्टवेअर बंद करा, त्याची सर्व्हिस असेल तर तीही थांबवा, मगच सुरू करा.

तुम्ही म्हणताय मशीन मधूनच बंद पडतं. ते पॉवर सप्लायमुळे असेल तर ठीक, पण डिस्कमुळे असेल तर पद्धतच बदलते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती बघा, रीअलोकेटेड आणि पेंडिंग (खराब झालेल्या किंवा होऊ घातलेल्या) सेक्टरचे आकडे शून्याच्या वर आणि वाढत असतील तर त्या डिस्कवर चेकडिस्क अजिबात चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला संपूर्ण घासून काढणारी ती कसरत शेवटची ठरू शकते. अशा वेळी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची, लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करायचं आणि डीडीरेस्क्यूने इमेज घ्यायची. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, खराब जागा मागे ठेवतं आणि मग तिथे परत परत प्रयत्न करतं, आणि मॅप फाइल दिली असेल तर मध्ये वीज गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे जातं. कुठली डिस्क स्रोत आणि कुठली प्रत, हे एंटर दाबायच्या आधी आकारावरून आणि मॉडेल नंबरवरून दोनदा बघा, उलटं झालं तर संपलं. हाती आलेली कच्ची इमेज व्हीबॉक्समॅनेजच्या कन्व्हर्टफ्रॉमरॉ ने व्हीडीआय किंवा व्हीएचडी करता येते, क्यूईएमयू-आयएमजीनेही होते, आणि चेकडिस्क चालवायचीच असेल तर आता त्या प्रतीवर चालवा.

बाकीच्या टूलबद्दल थोडंच. व्हीएमवेअरचा कन्व्हर्टर चांगला आहे, ड्रायव्हर घालण्याचं काम तो स्वतः करतो, २०२२ मध्ये तो काही महिने डाउनलोडवरून काढला होता मग परत आला, पण नव्या आवृत्तीत कुठलं विंडोज चालतं ती यादी आधी बघा. केव्हीएमवर (लिनक्सच्या व्हीएम यंत्रणेवर) नेणाऱ्यांसाठी व्हर्ट-पीटूव्ही आहे, जुनं मशीन त्याच्या आयएसओवरून बूट करायचं, ते एसएसएचने सर्व्हरला डेटा पाठवतं आणि तिकडे व्हर्ट-व्हीटूव्ही ड्रायव्हर वगैरे सगळं लावून देतं. प्रॉक्समॉक्सवाल्यांनी डिस्क आधी साटा किंवा आयडीई म्हणून लावून बूट करावी, मग एक जीबीची रिकामी दुसरी डिस्क व्हर्टआयओवर (व्हीएमसाठीच बनवलेल्या वेगवान जोडणीवर) जोडावी, विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर बसू द्यावा, मग बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्यावी. थेट मुख्य डिस्कच व्हर्टआयओवर लावली की तीच ७बी, कारण तेच.

काळी स्क्रीन आणि कर्सर आला, निळी नाही, तर तो वेगळा आजार. एक तर वर सांगितलेलं छोटं पार्टिशन राहिलं, किंवा बायोस-यूईएफआयची गल्लत. जुनं विंडोज ज्या पद्धतीने बूट होत होतं त्याच पद्धतीची व्हीएम लागते. एमबीआर (जुन्या बायोस पद्धतीची) डिस्क असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएफआयची खूण काढा, हायपर-व्हीमध्ये (विंडोजच्या स्वतःच्या व्हीएम यंत्रणेत) जनरेशन १ घ्या. जीपीटी आणि यूईएफआय (नवी पद्धत) असेल तर ईएफआय चालू, हायपर-व्हीमध्ये जनरेशन २. जनरेशन नंतर बदलता येत नाही, व्हीएम नवी बनवावी लागते, डिस्क तीच राहते.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावलेला असेल तर इमेज काढायच्या आधी तो पूर्ण काढून डिस्क उघडी करा. नुसता थांबवूनही चालतं म्हणतात, पण टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी चिप) जुन्या मदरबोर्डवर राहतो आणि व्हीएम ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसते, की हाताशी नसली तर तिथेच सगळं थांबलं.

आता व्हीएम उठली असं धरून चला. पहिल्या बूटला नेटवर्क कार्डची केबल सेटिंगमधून काढून ठेवा. जुना पीसी चालू असेल तर एकाच नावाची, एकाच आयपीची दोन मशीन नेटवर्कवर येतात आणि जो गोंधळ होतो तो कशामुळे झाला हे शोधायला अर्धा दिवस जातो. आतमध्ये विंडोज नवीन हार्डवेअर सापडलं, नवीन हार्डवेअर सापडलं असं करत राहील, करू द्या, दोनदा रीस्टार्ट मागेल, देऊन टाका. मग गेस्ट अॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे व्हीएमच्या आत टाकायचे ड्रायव्हर) टाका. जुन्या मदरबोर्डची युटिलिटी, फॅन कंट्रोल, ग्राफिक्स कार्डचं पॅनल, इंटेल रॅपिड स्टोरेज, हे सगळं काढून टाका, ज्या हार्डवेअरशी बोलायचंय तेच नाही.

स्थिर आयपी द्यायला गेलात की विंडोज म्हणेल हा आयपी दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे, आणि तो अडॅप्टर तर कुठे दिसत नाही. तो जुन्या पीसीच्या नेटवर्क कार्डचा शिल्लक सांगाडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मधून लपलेली डिव्हाइसेस दाखवा म्हणायचं, आणि विंडोज ७ ला तेवढ्याने भागत नाही, आधी न जोडलेली उपकरणं दाखवायचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करावा लागतो, मग ते फिकट रंगात दिसतात, फिकट नेटवर्क कार्ड काढून टाका.

एक्सपी कोणी नेत असेल तर तिथे वेगळी डोकेदुखी. एक्सपीचा एचएएल (हार्डवेअर आणि विंडोजमधला थर) इन्स्टॉलच्या वेळी ठरतो, म्हणून मूळ मशीनला जेवढे प्रोसेसर होते त्याच्याशी जुळतं ठेवा, आणि इंटेलपीपीएम नावाचा ड्रायव्हर व्हीएममध्ये निळी स्क्रीन देतो, त्याचा स्टार्ट ४ करून बंद करा. एजीपी४४० चंही तेच.

लिनक्सला हे सगळं बरंच हलकं जातं. इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या वेळच्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये) व्हर्टआयओचे मॉड्यूल नसतील तर नेण्याआधी ड्रॅकटने होस्टओन्ली बंद करून ते परत बनवा, एफएसटॅबमध्ये डिस्कच्या नावांऐवजी यूयूआयडी आहेत का बघा, आणि नेटवर्क कार्डाचं नाव बदलणार हे धरून चला. बस.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, ते सॉफ्टवेअर. ते लायसन्स कशावर बांधलंय हे जुनं मशीन जिवंत आहे तोवर शोधून काढा. सी ड्राइव्हच्या व्हॉल्यूम सीरियलवर असेल तर चिंता नाही, तो प्रतीत तसाच येतो. नेटवर्क कार्डच्या मॅक पत्त्यावर असेल तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये तो पत्ता देता येतो, जुना पीसी त्या नेटवर्कवर नसेल तेव्हा, आणि लायसन्सच्या अटीत मशीन बदलायला परवानगी आहे हे बघून. मदरबोर्डच्या सीरियलवर असेल तर अवघड. यूएसबी डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) व्हीएमला देता येतो, सेटिंगमध्ये यूएसबी फिल्टर बनवून ठेवा म्हणजे दर वेळी हाताने जोडावा लागणार नाही. सीरियल पोर्टचं उपकरण असेल तर होस्टचा (ज्या मशीनवर व्हीएम चालते त्याचा) कॉम पोर्ट व्हीएमला देता येतो, बहुतेक चालतं. मशीनच्या आत खोचलेलं जुनं पीसीआय कार्ड असेल तर डेस्कटॉपवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये ते जमणार नाही, अशा वेळी मी पीटूव्हीचा नाद सोडून त्याच जातीचा जुना पीसी सुटे भाग म्हणून शोधा असं सांगतो. आणि विंडोजचं लायसन्स: मशीनसोबत आलेलं ओईएम विंडोज त्या मशीनशीच बांधलेलं असतं, त्याची खूण बायोसमध्ये असते जी व्हीएममध्ये नसते, त्यामुळे अॅक्टिव्हेशन मागणारच, त्याची सोय वेगळी करावी लागेल.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, म्हणून त्या व्हीएमला इंटरनेट देऊच नका, होस्ट-ओन्ली नेटवर्क पुरे, फायली ने-आण करायला शेअर्ड फोल्डर आहेच. होस्टवर व्हीएम फारच हळू चालत असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतंय का बघा, दिसलं तर होस्टवर हायपर-व्ही चालू आहे, विंडोज ११ वर मेमरी इंटिग्रिटीमुळेही ते होतं, आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या डोक्यावर बसून चालतोय.

सगळं चाललं की व्हीएम बंद करून अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर त्याच फायलींच्या शेजारी असतो. जुना पीसी बंद करून ठेवा पण डिस्क फॉरमॅट करू नका, महिनाअखेरचे रिपोर्ट, प्रिंट, बॅकअप घेणं, वर्षातून एकदाच लागणारा तो एक मेनू, हे सगळं व्हीएममधून एकदा करून बघा.

आयडीईवर लावूनही आणि रजिस्ट्री दुरुस्त करूनही ७बी येत राहिली तर जुन्या पीसीच्या बायोसमध्ये साटा मोड काय लिहिलाय, डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलरखाली कोणतं नाव दिसतं आणि त्या पीसीला एकच डिस्क होती की दोन डिस्कांची रेड होती, एवढं कळवा. दोन डिस्कांची रेड असेल आणि डिस्क२व्हीएचडी चालू विंडोजमधून न चालवता एकच डिस्क काढून तिची इमेज घेतली असेल तर मग मात्र इमेज परत काढावी लागेल.